पचमढीचे बायसन लॉज



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी या वर्षी इतिहासाच्या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि मोंढ्यात पुष्कळ झाले. इतिहास आम्ही शिकलो तो सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, मांडीवर शब्दकोश घेऊन, आणि तोही हमाल-मापाडी व जिनिंगमधील कामगार यांची कामे आटोपून उरलेल्या वेळात. तेव्हा राजेरजवाड्यांच्या वंशावळी आमच्याकडून ऐकावयास मिळतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. आम्ही आज एका घराची हकीकत सांगणार आहोत. घर लहान आहे, पण त्याच्या पायाखाली बराच इतिहास गाडलेला आहे.

हे घर म्हणजे पचमढीचे बायसन लॉज. सातपुड्याच्या महादेव रांगेत, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फूट उंचीच्या पठारावर पचमढी वसलेली आहे. आज हे ठिकाण मध्यप्रदेशाच्या नर्मदापुरम् जिल्ह्यात येते व त्याच्या सभोवार सातपुडा राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. सातपुड्यातील सर्वांत उंच शिखर धूपगड, सुमारे १३५० मीटर उंचीचे, तेही तेथेच. बायसन लॉज हे उतरत्या छपराचे बैठे घर पचमढीतील सर्वांत जुने इंग्रजी पद्धतीचे घर समजले जाते. १८६२ मध्ये कॅप्टन जेम्स फॉरसाईथ या लष्करी व जंगल अधिकाऱ्याने ते बांधविले. आता तेथे वनखात्याचे संग्रहालय आहे, आणि उद्यानात शिरण्याचा परवाना घेण्यासाठी प्रवाशांची रांग लागते तीही तेथेच.

नावापासूनच थोडी गंमत आहे. सातपुड्यात बायसन नाही. बायसन हा अमेरिकेच्या गवताळ मैदानांतला व युरोपच्या थंड रानांतला प्राणी. आपल्याकडे आहे तो गवा, रानगवा. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला बायसन म्हटले आणि तेच नाव घराला चिकटले. म्हणजे दाराच्या पाटीपासूनच परक्याने ठेवलेले नाव खऱ्या नावाच्या जागी बसलेले आहे. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

परभणीच्या माणसाला पचमढीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या स्वतःच्या अनुभवात आहे. १९९८ च्या महाशिवरात्रीला आम्ही मोंढ्यातील दहाबारा हमालांबरोबर पचमढीस गेलो होतो. वऱ्हाडातून व नागपूरकडून हजारो मराठी माणसे खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या महादेवाला जातात, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढून ते त्रिशूळ देवापुढे रोवावयाचे. वर त्रिशुळांचे रानच उभे राहिले आहे. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा भरते, तिलाही विदर्भातील मंडळींचीच गर्दी असते. आमच्या हमालांपैकी एक म्हातारे गृहस्थ मूळचे पुसदकडचे. आम्ही सर्व त्यांना मामा म्हणत असू. त्यांच्या घरी हा नवस पिढ्यानुपिढ्यांचा. त्यांच्या आग्रहामुळेच आम्ही निघालो.

त्या वेळी पूर्णा जंक्शनहून खांडव्याला जाणारी लहान रुळांची गाडी होती. हिंगोली, वाशीम, अकोला, अकोट करीत ती मेळघाटात शिरे आणि धूळघाटाजवळ डोंगर चढताना असा वळसा घेई की, मागे टाकलेला रूळ खाली पुन्हा दिसे. आता ती वाट तशी राहिलेली नाही. अकोल्यापर्यंत २००८ मध्ये रुंद रूळ आले. पुढचा मेळघाटातील तुकडा २०१७ च्या आरंभी बंद झाला, आणि नवा मार्ग व्याघ्रप्रकल्पातून न्यावा की बाहेरून, यावर पुष्कळ वाद झाला. आम्ही खांडव्याला गाडी बदलली, इटारसीवरून पिपरियाला उतरलो आणि तेथून मोटारीने देनवा नदीचे खोरे ओलांडून घाट चढून वर गेलो.

पचमढीत एका दुकानावर आम्ही एक लहानशी माहितीपुस्तिका विकत घेतली. तीत लिहिले होते की, १८५७ मध्ये कॅप्टन फॉरसाईथ याने पचमढीचा शोध लावला. आम्ही पुढारी ना! झाडाखाली सर्वांना बसवून आम्ही ते वाक्य मोठ्याने वाचून दाखविले व वर साहेबाच्या धाडसाबद्दल दोन शब्दही बोललो. मामा तंबाखू मळीत ऐकत होते. ते म्हणाले, "कायचा शोध लावला भाऊ? माह्या आजाचा आजा इथं तिरसूळ घेऊन येत व्हता. तो काय साह्यबाले इचारून आलता?"

सगळे हसले. आम्हीही हसलो, पण मनातून ओशाळलो. आयुष्यभर आम्ही कामगारांना सांगत आलो की, छापलेल्या कागदावर डोळे मिटून अंगठा करू नका. आणि आम्हीच छापील वाक्यावर अंगठा केला होता. परत आल्यावर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. फॉरसाईथचे मूळ पुस्तक मिळवून वाचावयास आम्हाला दोन वर्षे लागली, कारण इंग्रजी आम्ही हळूहळू वाचतो. त्या वाचनातून जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम तारखांचा हिशेब करू. फॉरसाईथचा जन्म १८३८ चा. म्हणजे १८५७ मध्ये तो एकोणीस वर्षांचा पोरगा होता. त्याच्या पुस्तकात पचमढीच्या मोहिमेची सुरुवात आहे ती १८६२ ची. हे पुस्तक म्हणजे 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया'. ते १८७१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी लेखक वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारला. तेव्हा १८५७ चा शोध ही कोणीतरी मागाहून जोडलेली कथा दिसते.

परंतु १८६२ हे साल धरले तरी 'शोध' हा शब्द टिकत नाही. त्याच्या त्रेचाळीस वर्षे आधी इंग्रजांचे सैन्य या डोंगरात शिरलेले होते, आणि ते कोणाच्या पाठीवर आले होते हे मराठी माणसाने विसरू नये. नागपूरचे आप्पासाहेब भोसले हे १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती सापडले. त्यांना अलाहाबादेकडे नेत असता मे १८१८ मध्ये जबलपूरजवळून ते पहारेकऱ्यांना वश करून निसटले आणि याच महादेव डोंगरात येऊन राहिले. तेथील गोंड सरदारांनी, मुख्यतः हरईच्या चैनशहाने, त्यांना आश्रय दिला. राज्य गेलेला, पाठीवर फौज असलेला राजा. त्याला धान्य, वाटाडे आणि लपावयास जागा कोणी दिली, तर या रानातल्या माणसांनी. १८१९ च्या आरंभी इंग्रजी तुकड्या डोंगर वेढू लागल्या, तेव्हा आप्पासाहेब तेथून निघून असीरगडाकडे गेले. पुढे ते जोधपूरला वारले. ज्या डोंगरात भोसल्यांच्या राजाने महिनेच्या महिने काढले, ज्यात इंग्रजांच्या पलटणींनी त्याचा पाठलाग केला, त्या डोंगराचा 'शोध' पुढे साडेतीन तपांनी लागतो म्हणणे म्हणजे घरात चोर शिरून गेल्यावर घराचा शोध लावण्यासारखे आहे.

आणि तेथे राहणाऱ्यांचे काय? पचमढीचे पठार कोरकूंचे. कोरकू व गोंड हे शेजारी असले तरी त्यांच्या भाषा निराळ्या कुळांतल्या आहेत. गोंडीचे नाते तेलुगु-कानडीकडे जाते, तर कोरकूचे संथाळी-मुंडारीकडे. मेळघाटातील कोरकू तेच हे. महादेवाच्या गुहांचे राखणदार म्हणजे भोपे, हे या डोंगरातले कोरकू ठाकूर; यात्रेकरूंची वाट त्यांच्या हद्दीतून जाई आणि पचमढीचा ठाकूर हा त्या भोप्यांचा प्रमुख मानला जाई. पठाराच्या आसपासच्या खडकांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेली चित्रे आहेत. ज्या पाच मढ्यांवरून गावाला नाव पडले असे म्हणतात, त्या पांडवांच्या म्हणविल्या जाणाऱ्या लेण्याही शेकडो वर्षांच्या जुन्या आहेत. तेव्हा मामांचा आजा हा सुद्धा तेथे उशिराच आलेला पाहुणा म्हणावा लागेल!

आता या हकीकतीच्या गाभ्याकडे येऊ. बायसन लॉज १८६२ मध्येच का उभे राहिले? १८५२ मध्ये का नाही?

याचे पहिले कारण सत्तावनच्या युद्धात आहे. तात्या टोपे ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस नर्मदा ओलांडून दक्षिणेस आले. त्यांना नागपूरकडे व दख्खनेत उतरावयाचे होते. पेशव्यांचा माणूस पुन्हा महाराष्ट्राच्या तोंडाशी आला, या बातमीने मुंबईपासून हैदराबादपर्यंत सरकारी कचेऱ्यांत धावपळ उडाली होती. सातपुड्यातील या वाटेवर तात्यांना साहाय्य करणाऱ्यांत हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंह होता. तात्या पुढे निघून गेले. एप्रिल १८५९ मध्ये त्यांना शिप्रीस फाशी झाली. परंतु भभूतसिंहाने देनवेच्या खोऱ्यात आपल्या माणसांनिशी लढा चालूच ठेवला. डोंगराच्या वाटा त्याला तळहातासारख्या ठाऊक. इंग्रजी फौजेला त्याने बरेच दिवस झुलविले. शेवटी तो सापडला आणि १८६० मध्ये जबलपूरला त्याला फाशी देण्यात आली. त्याचा मुलूख जप्त झाला.

या जप्त मुलखाचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. त्यातलेच बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव म्हणून बंद करण्यात आले, आणि हिंदुस्थानातील सर्वांत पहिले राखीव जंगल म्हणून आजही त्याचे नाव घेतले जाते. म्हणजे आपल्या देशातील पहिल्या राखीव जंगलाची सनद ही एका फाशी गेलेल्या माणसाच्या जप्तीवर लिहिलेली आहे. फाशी १८६० ची, लॉज १८६२ चे, जंगलबंदी १८६५ ची. ही तीन साले एका ओळीत मांडली म्हणजे 'शोध' या शब्दाचा खरा अर्थ कळतो. मुलूख नवा नव्हता. मालक नवा होता.

दुसरे कारण आगगाडीचे. नोव्हेंबर १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून इंग्रजांनी मध्यप्रांत निर्माण केला. त्याच सुमारास मुंबईकडून व कलकत्त्याकडून रूळ पुढे सरकत होते. १८७० मध्ये ते जबलपुराजवळ एकमेकांस मिळाले व मुंबई-कलकत्ता रस्ता पुरा झाला. रुळाखाली त्या काळी लाकडी स्लीपर लागत, आणि सागवान व साल ही लाकडे ऊनपावसात टिकत. पचमढीच्या आसपास सागाचे रान संपते आणि सालाचे सुरू होते. दोन्ही झाडे एका टापूत सापडावयाची. तेव्हा सरकारला तेथे राहून रान मोजणारा, झाडे हेरणारा, नकाशे काढणारा माणूस हवा होता, आणि त्या माणसाला पावसाळ्यात डोक्यावर छप्पर हवे होते. बायसन लॉज हे शिकाऱ्याचे विश्रामघर म्हणून प्रसिद्ध आहे. वस्तुतः ती जंगलखात्याची पहिली चौकी होती. शिकार ही साहेबाची हौस. मोजणी हे त्याचे काम.

फॉरसाईथविषयी आम्ही अन्याय करू इच्छीत नाही. तो डोळस माणूस होता. गोंड-कोरकूंच्या चालीरीती, त्यांची गाणी व कथा, रानातील झाडे व जनावरे यांविषयी त्याने आस्थेने लिहिले आहे. पुढे तो निमाडचा, म्हणजे आमच्या जुन्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनच्या जिल्ह्याचा, सेटलमेंट अधिकारी झाला. त्याच्या पुस्तकात एक गोष्ट त्याने प्रामाणिकपणे नोंदविली आहे. स्लीपरच्या ठेक्यांच्या लोभाने ठेकेदारांनी वाहून नेता येणार नाही इतकी झाडे पाडली, आणि कितीतरी लाकूड जागच्या जागी कुजले वा वणव्यात जळाले. परंतु तोच फॉरसाईथ आदिवासींच्या दह्याच्या शेतीला, म्हणजे रान तोडून, जाळून त्या राखेत बी पेरण्याच्या पद्धतीला, जंगलाचा मोठा शत्रू ठरवितो. पुढे कायदे झाले, १८६५ चा, १८७८ चा, १९२७ चा. त्यांनी मोळी, गवत व दह्या यांवर आधी हात टाकला. ठेकेदाराच्या कुऱ्हाडीला मात्र परवाना मिळाला. आम्ही मोंढ्यात हेच पाहात आलो. तोलात खोट निघाली की पहिला संशय हमालावर. आडत्याच्या काट्याकडे कोणी पाहात नाही.

तिसरी गोष्ट ज्यांनी घर बांधले त्यांची. फॉरसाईथच्या वेळी पिपरियाला आगगाडी नव्हती आणि वर जावयास गाडीरस्ता नव्हता. खिळा, पटाशी, काच, बंदुकीची दारू, साहेबाचे पीठमीठ, सर्व काही बैलांच्या पाठीवर व माणसांच्या डोक्यावर घाट चढून गेले असले पाहिजे. लाकूड, गवत, माती जवळची. पण ती आणावयास हात लागलेच. आम्ही लॉजमध्ये गेलो तेव्हा तेथे गव्याचे, वाघाचे, झाडापानांचे पुष्कळ काही मांडलेले पाहिले. फॉरसाईथचे नाव पाहिले. तुळई चढविणाऱ्या एकाही माणसाचे नाव आम्हाला कोठे दिसले नाही. साहेबाने घर 'बांधले' असे आपण म्हणतो, तेव्हा भाषाच आपल्याला फसविते. बांधविणारा एक, बांधणारे अनेक. आणि क्रियापदातले ते एक अक्षर गाळले की अनेकांची मजुरी बुडते.

ही गोष्ट परभणीला परकी नाही. निजामी अमलात अव्वल तालुकदाराचा दौरा निघाला म्हणजे गावोगाव वेठ धरली जाई. आमचे आजोबा सांगत की, तालुकदाराच्या मुक्कामाचे तंबू, पलंग आणि न्हाणीचे घंगाळ एका गावच्या शिवेवरून दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत डोक्यावर नेऊन द्यावे लागे, आणि मोबदला म्हणून मिळे ते एवढेच की, त्या दिवशी मार बसत नसे. आमच्या जिल्ह्यातील जुन्या डाकबंगल्यांचे दगडही अशाच डोक्यांवरून आलेले आहेत. गोरा साहेब आणि निजामाचा तालुकदार यांच्यात रंगाचा फरक असेल, ओझ्याचा नव्हता.

बायसन लॉज उभे राहिल्यावर पचमढी झपाट्याने वाढली. लष्करासाठी आरोग्यधाम झाले, १८७५ मध्ये प्रॉटेस्टंटांचे चर्च उभे राहिले, बंगले झाले आणि पचमढी मध्यप्रांताची उन्हाळी राजधानी बनली. उन्हाळा तापू लागला की नागपूरचे सरकार आपली दप्तरे घेऊन डोंगर चढे. वऱ्हाड व मध्यप्रांताचा कारभार असा कितीतरी मराठी कारकुनांच्या व चपराशांच्या हातून पचमढीत चालला. काँग्रेसच्या राजवटीतही ही चाल राहिली. डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळातील भांडण मिटविण्यासाठी मे १९३८ मध्ये वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आदी पुढारी तेथेच जमले होते. तो समेट दोन महिनेही टिकला नाही. जुलैत खऱ्यांचा राजीनामा झाला, हे सर्वश्रुत आहे.

पुढाऱ्यांची ही थंड हवेतील भांडणे चालू होण्यापूर्वीच खाली रानात निराळे भांडण पेटून गेले होते. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाबरोबर मध्यप्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह झाला. आमच्या शेजारच्या पुसदला १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातील गवत कापून कायदा मोडला. तिकडे बैतूल जिल्ह्यात गंजनसिंह कोरकू यांच्या पुढारीपणाखाली आदिवासींनी तोच कायदा मोडला आणि गोळ्या झेलल्या. समुद्र नसलेल्या मुलखाला मीठ कोठून मिळणार? त्यांनी गवत हेच मीठ मानले. मामांचे वडील पुसदच्या त्या गर्दीत होते, असे मामा सांगत. बायसन लॉजमधून ज्या मोजणीला सुरुवात झाली तिला साठसत्तर वर्षांनी विळ्याने उत्तर मिळाले, असे आम्हाला वाटते.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्याच दिवशी आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, विदर्भही आला आणि पचमढी मध्यप्रदेशात राहिली. मराठी कारकुनांचे जाणे थांबले. मराठी यात्रेकरूंचे थांबले नाही. सरकारे आपली दप्तरे बांधून निघून जातात, पायवाटा राहतात.

१९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. पुढे बोरी व पचमढीची अभयारण्ये जोडून व्याघ्रप्रकल्प झाला. आम्ही वाघाच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. रान राहिले नाही तर नद्या राहणार नाहीत, आणि नदी आटली म्हणजे काय होते हे गोदाकाठच्या माणसाला सांगावयास नको. परंतु रान राखण्याची किंमत कोणी भरली, हा प्रश्न कामगार चळवळीतल्या माणसाने विचारलाच पाहिजे. धाईं, बोरी, चुरना ही गावे उद्यानातून उठवून बाहेर वसविण्यात आली. त्याआधी तवा धरणाच्या पाण्याखाली अनेक गावे गेली होती. धरणग्रस्त आदिवासींनी लढा देऊन १९९६ मध्ये तलावातील मासेमारीचा हक्क मिळविला, सहकारी संस्थांचा तवा मत्स्य संघ उभारला आणि तो दहा वर्षे चालविला. २००६ च्या अखेरीस, हे पाणी संरक्षित क्षेत्रात येते या कारणावरून, तो हक्क पुढे चालू राहिला नाही. नेमक्या त्याच वर्षी दिल्लीत वनहक्क कायदा मंजूर झाला, आणि आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच कबूल करण्यात आले. एका हाताने कबुली आणि दुसऱ्या हाताने जाळे काढून घेणे, असा तो प्रकार होता.

जगातही हे असेच घडलेले आहे. अमेरिकेतील यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ चे, म्हणजे बायसन लॉजच्या दहा वर्षांनंतरचे. तेथून शोशोनी इत्यादी मूळ रहिवाशांना बाहेर काढण्यात आले आणि मग १९०४ मध्ये पाहुण्यांसाठी लाकडाच्या ओंडक्यांचे ओल्ड फेथफुल इन हे भव्य विश्रामगृह उघडले. त्याच देशात मात्र एक वेगळेही उदाहरण आहे. मंदीच्या काळात, १९३६ नंतर, ओरेगॉन प्रांतातील माउंट हूड या बर्फाच्या डोंगरावर टिंबरलाइन लॉज नावाचे विश्रामगृह सरकारी रोजगार योजनेतून बेकार कामगारांकडून बांधून घेण्यात आले. सुतार, पाथरवट, लोहार, विणकाम करणाऱ्या स्त्रिया अशा शेकडो हातांना काम मिळाले. सप्टेंबर १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट स्वतः त्याच्या समारंभास गेले. आज ते घर पाहावयास जाणारा माणूस अधिकाऱ्याचे नाव घेत नाही. बेकार कामगारांनी बांधलेले घर अशीच त्याची ख्याती आहे. म्हणजे डोंगरावरच्या घराची हकीकत त्याच्या बांधणाऱ्यांच्या नावाने सांगता येते. अवघड आहे ते सांगण्याची इच्छा होणे.

ही इच्छा आता थोडी दिसू लागली आहे, हेही नमूद केले पाहिजे. ज्या ठिकाणी उभे राहून फॉरसाईथने प्रथम पठार पाहिले असे सांगतात, त्या जागेला फॉरसाईथ पॉइंट म्हणत असत. पुढे तिचे नाव प्रियदर्शिनी पॉइंट झाले. ३ जून २०२५ रोजी मध्यप्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक पचमढीत भरविण्यात आली, ती राजा भभूतसिंहाच्या स्मरणार्थ. फाशीनंतर एकशे पासष्ट वर्षांनी का होईना, त्या नावाला सरकारी कागदावर मानाची जागा मिळाली. आम्हाला त्याचा आनंद आहे. परंतु नाव देणे सोपे असते. बोरीचे रान ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव पाटीवर लावावयाचे आणि त्याच्या वंशातल्या माणसाला त्या रानात मोहाची फुले वेचताना अडवावयाचे, असे झाले तर ती पाटी दुसऱ्यांदा केलेली जप्तीच ठरेल.

आमची मागणी मोठी नाही. बायसन लॉज पाडा असे आम्ही म्हणत नाही, ते जपावे. फॉरसाईथचे नावही पुसू नये. परंतु परवान्याच्या रांगेत उभा राहणारा प्रवासी दाराशी येतो तेव्हा त्याला १८६० ची फाशी, १८६२ चे घर आणि १८६५ ची जंगलबंदी या तीन गोष्टी एकत्र वाचावयास मिळाव्यात. 'शोध' हा शब्द मागे घ्यावा. आणि ज्या कोरकू व गोंड माणसांच्या खांद्यांवरून ते घर वर गेले, त्यांची व्यक्तींची नावे सापडत नसतील तर त्यांच्या जमातींची तरी नावे त्यात यावीत.

मामा २००९ मध्ये वारले. त्यांचे नाव कोणत्याही पाटीवर नाही. मोंढ्यातील ज्या गोदामात त्यांनी तीस वर्षे थप्प्या लावल्या, ते गोदामही आता पाडले गेले. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे हमालाचे नाव निदान नोंदवहीत चढावयास कायद्याने वाट झाली. त्याआधीच्या पिढ्यांची वहीच नाही.

म्हणून शेवटी श्रोत्यांना एक विनंती. आपल्या घरात वडीलधारी माणसे असतील. कोणी डाकबंगल्याचा दगड वाहिला असेल, कोणी पूर्णेच्या लोकोशेडमध्ये कोळसा टाकला असेल, कोणी हिंगोली-अकोल्याच्या रुळाखाली खडी फोडली असेल. त्यांना विचारा, आणि नाव, गाव, काम व मजुरी या चार गोष्टी लिहून घ्या. आमच्या युनियनच्या कचेरीत त्यासाठी एक जाडी वही आम्ही मांडून ठेवली आहे. पहिल्या पानावर मामांचे नाव आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना वेळ असेल त्यांनी यावे. कचेरी रात्री नऊपर्यंत उघडी असते.